जुन्या गेम-मासिकाचा एक अंक नीट कसा वाचावा

जुन्या व्हिडिओ गेम मासिकाचा अंक हाती लागला की दहा मिनिटांत चाळून होतो. मुखपृष्ठ बघायचं, ओळखीच्या गेमचं नाव दिसलं की जरा थांबायचं, जाहिरातींतले भडक रंग बघून हसायचं आणि अंक बाजूला ठेवायचा. मीही कित्येक वर्षं हेच केलं. मग एका अंकाच्या शेवटच्या पानांत, टपालाने गेम विकणाऱ्या एका दुकानाच्या बारीक अक्षरांतल्या यादीवर मला आधीच्या मालकाच्या पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. तीन गेमपुढे खुणा होत्या, समासात तिन्हींच्या किमतींची बेरीज होती. तिसरी खूण खोडलेली होती आणि बेरजेतून ती किंमत वजा केलेली होती. खोडलेला गेम त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर झळकत होता, आत त्याला त्या महिन्यातले सर्वांत जास्त गुणही मिळाले होते. कुणीतरी परीक्षण वाचलं होतं, पैसे मोजले होते आणि मन मारून तो गेम सोडून दिला होता.

त्या दिवसापासून मी जुना अंक एका ठरावीक पद्धतीने वाचतो. अंक ज्या महिन्यात निघाला, त्या महिन्यातल्या वाचकाच्या जागी बसायचं, हा तिचा गाभा. पुढे काय झालं हे त्या वाचकाला ठाऊक नव्हतं. आपल्याला ठाऊक असतं, आणि तेच वाचताना आड येतं. एका अंकाला साधारण तीन बैठका लागतात. सामान फार लागत नाही: वही, मऊ पेन्सिल, एक बऱ्यापैकी भिंग आणि चांगला उजेड.

अंक कोणता घ्यावा

पहिला मोह प्रसिद्ध अंकाचा होतो. ‘निन्टेन्डो पॉवर’चा १९८८ सालचा जुलै-ऑगस्टचा पहिला अंक घ्या. मुखपृष्ठावर मातीच्या मूर्तींतून उभा केलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ आहे. अंक सुंदरच आहे, पण त्याच्या पानापानावर इतकं लिहून झालंय की स्वतःच्या नजरेने तो बघणं अवघड जातं. सुरुवात एखाद्या आडवळणाच्या, साध्या महिन्याच्या अंकाने करा. त्या महिन्यात काही इतिहास घडलेला नसला तर उत्तमच.

निवडताना दोन गोष्टी बघा. अंकातला निदान एक गेम तुम्ही मनापासून खेळलेला असावा, म्हणजे मासिकाचं म्हणणं पारखायला काहीतरी हाताशी राहतं. आणि त्या अंकाच्या मागचा-पुढचा अंकही कुठे ना कुठे वाचायला मिळायला हवा. हे दुसरं कलम फार महत्त्वाचं आहे, ते का ते पुढे येईलच.

कागदी अंक नसेल तर स्कॅनवर काम भागतं. अमेरिकेतल्या ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या संस्थेने जानेवारी २०२५मध्ये आपलं डिजिटल ग्रंथालय खुलं केलं. त्यात गेम-मासिकांचे दीड हजारांहून जास्त अंक आहेत आणि त्यांतला शब्दन् शब्द शोधता येतो. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर इथे ‘द स्ट्राँग’ हे खेळांचं संग्रहालय आहे, त्याच्या ग्रंथालयातही अशा मासिकांचा साठा आहे. शोधाशोधीला स्कॅनसारखं दुसरं काही नाही. पण कापून नेलेलं कूपन, दोन पानांत अडकलेलं वर्गणीचं कार्ड आणि पेन्सिलीच्या खुणा कागदावरच भेटतात, म्हणून निदान एक अंक तरी कागदी मिळवाच.

कागदाला हात लावण्याआधी

हात स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडे करा. हातमोजे नकोत. मोज्यांमुळे बोटांना पानाचा अंदाज येत नाही आणि पान फाटण्याचीच शक्यता जास्त. अंक पिनांचा आहे की पाठीला डिंक लावून चिकटवलेला, ते बघा. पिना गंजल्या असतील तर मधलं पान ओढून सपाट करू नका, गंजाभोवतीचा कागद ठिसूळ झालेला असतो. डिंकाच्या बांधणीचा अंक दोन्हीकडे गुंडाळलेल्या टॉवेलचा आधार देऊन जेमतेम पुस्तकासारखा उघडा. जुना डिंक वाळून कडक होतो आणि अंक पूर्ण उलटा दाबला की पाठ कडकन मोडते. एकदा मोडली की पानं सुटी व्हायला लागतात.

गुळगुळीत कागदाची पानं ओल लागून एकमेकांना चिकटली असतील, तर ती जबरदस्तीने सोडवू नका. त्या कागदावरचा लेप विरघळून दोन्ही पानं एकजीव झालेली असतात. ओढाल तर दोन्हीकडची छपाई जाईल. तेवढी दोन पानं स्कॅनवर वाचावीत आणि पुढे जावं.

छापलेली तारीख खरी समजू नका

मुखपृष्ठावर जून छापलंय म्हणून मजकूर जूनचा नसतो. अंक दुकानात छापील महिन्याच्या आधीच यायचा, आणि मजकूर त्याच्याही आधी छपाईला जायचा. अमेरिकन मासिकांत लिहिणं आणि छापील महिना यांत दोन-तीन महिन्यांचं अंतर सर्रास असे. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर दोन तारखा लिहा: छापील तारीख आणि मजकूर बंद झाल्याची अंदाजे तारीख. वाचायचं ते दुसऱ्या तारखेला बसून.

याचा सर्वांत बोलका नमुना १९९५च्या उन्हाळ्यातल्या अंकांत सापडतो. सेगा सॅटर्न हा कन्सोल अमेरिकेत २ सप्टेंबर १९९५ या शनिवारी येणार, असं जाहीर झालं होतं. मग ११ मे रोजी लॉस एंजेलिसला ‘ई-थ्री’ हे गेम-उद्योगाचं पहिलं प्रदर्शन सुरू झालं आणि सेगाने तिथल्या तिथे सांगून टाकलं की सॅटर्न काही निवडक दुकानांत आजच दाखल झालाय, किंमत ३९९ डॉलर. त्याच प्रदर्शनात सोनीने प्लेस्टेशनची किंमत २९९ डॉलर सांगितली. आता विचार करा, ज्या मासिकांची पानं एप्रिलमध्येच छपाईला गेली होती, त्यांनी काय करायचं? त्या दिवसांतल्या अंकात सप्टेंबरची वाट बघायला सांगणारा लेख दिसला, तर लेखकाला चुकीचं ठरवू नका. त्याने लिहिलं तेव्हा ते बरोबरच होतं. वाचकाच्या हातात अंक पडेपर्यंत जग बदललं होतं.

मजकुराची वेळ ठरवायला टोपणनावं फार उपयोगी पडतात. कन्सोल बाजारात येण्याआधी कारखान्यातल्या नावानेच छापला जातो. निन्टेन्डोचा एकच यंत्र-प्रकल्प १९९३मध्ये ‘प्रोजेक्ट रिअ‍ॅलिटी’ म्हणून दिसतो, मग ‘अल्ट्रा ६४’ म्हणून, आणि २३ जून १९९६ला जपानच्या दुकानांत येतो तो ‘निन्टेन्डो ६४’ होऊन. ‘डॉल्फिन’ वाचलंत तर ते निन्टेन्डोच्याच गेमक्यूबबद्दल आहे, ‘रेव्होल्यूशन’ म्हणजे त्याच्या पुढचा ‘वी’ (Wii) हा कन्सोल. अमेरिकन जाहिरातींच्या कोपऱ्यातली वयोगटाची चौकटही मदत करते. हे मूल्यांकन १९९४मध्ये सुरू झालं, आणि लहानमोठ्या सगळ्यांसाठीचं ‘के-ए’ हे चिन्ह १९९८मध्ये बदलून ‘ई’ झालं. मुखपृष्ठ फाटून गेलेला अंकही एवढ्यावरून साल सांगून जातो.

पहिली बैठक: पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. हे मी शिस्त म्हणून सांगत नाहीये. गेमचं नाव वाचल्याबरोबर तो शोधून बघायचा मोह होतो आणि त्या क्षणी तुम्ही त्या महिन्यातून बाहेर फेकले जाता.

पानं क्रमाने वाचा, जाहिरातींसकट. त्या काळच्या वाचकासमोर महिनाभर हा एकच अंक असायचा. तो सगळं वाचायचा, मग पुन्हा वाचायचा. न आवडणाऱ्या प्रकारच्या गेमचं परीक्षणही वाचून व्हायचं, कारण दुसरं काही वाचायला नसायचं. या बैठकीत वहीत फक्त पान क्रमांक आणि प्रश्न लिहा, उत्तरं शोधू नका. ‘पान ३४: हा गेम कधी आला का?’ एवढं पुरे. शंभर-सव्वाशे पानांच्या अंकाला दोन-अडीच तास लागतात. शेवटी वही बंद करण्याआधी एक काम करा: त्या महिन्यात एकच गेम घेता आला असता तर कोणता घेतला असता, ते लिहून ठेवा. फक्त या अंकावर विसंबून.

मासिक कुणाचं आहे

दुसरी बैठक सुरू होते ती कुणीच न वाचणाऱ्या पानापासून, म्हणजे संपादक मंडळाच्या नावांच्या चौकटीपासून. प्रकाशक कोण, ते बघा. ‘निन्टेन्डो पॉवर’ जवळपास वीस वर्षं खुद्द निन्टेन्डोच काढत होती. २००७च्या अखेरीस ते बाहेरच्या प्रकाशकाकडे गेलं आणि डिसेंबर २०१२च्या अंकानंतर बंद पडलं. ‘गेम इन्फॉर्मर’ १९९१पासून निघतंय आणि बराच काळ ते गेम विकणाऱ्या दुकानांच्या साखळीच्या मालकीचं होतं. २०२४च्या ऑगस्टमध्ये ते बंद झालं, २०२५मध्ये नव्या मालकाकडे पुन्हा उभं राहिलं. मालकी कळली म्हणून लेखन खोटं ठरत नाही. कंपनीच्या मासिकातले नकाशे आणि युक्त्या अव्वल असायच्या, कारण माहिती थेट घरातूनच यायची. पण एखाद्या गेमवर कडक शब्द का नाहीत, हा प्रश्न मग पडत नाही.

त्याच चौकटीत लेखकांची संख्या मोजा. चार-पाच माणसं महिन्याला तीस गेमची परीक्षणं लिहीत असतील, तर एका गेमच्या वाट्याला किती तास आले असतील याचा हिशेब करता येतो. परीक्षणं वाचताना हा आकडा समोर ठेवा.

चित्रांत काय काय दिसतं

मला स्वतःला सर्वांत जास्त आनंद याच टप्प्यावर मिळतो. भिंग काढा.

ऐंशीच्या दशकात आणि नव्वदच्या सुरुवातीला बरेचसे स्क्रीनशॉट म्हणजे काचेच्या टीव्हीचे कॅमेऱ्याने काढलेले फोटो असत. खोलीत अंधार करायचा, कॅमेरा तिवईवर लावायचा आणि शटर मुद्दाम संथ ठेवायचं. टीव्हीचा किरण पडद्यावर सेकंदाला ५० किंवा ६० वेळा चित्र रंगवतो. शटर त्याहून झटपट मिटलं तर अर्धवट रंगलेलं चित्र सापडतं आणि फोटोत काळा पट्टा येतो. असे फोटो ओळखणं सोपं आहे: कडा किंचित फुगीर, कोपरे काळपट, आणि कधी काचेवर दिव्याचं प्रतिबिंब. थेट यंत्रातून उचललेलं चित्र याउलट चारी बाजूंनी सरळ आणि एकसारखं उजळ असतं.

आता त्या चित्रातले आकडे वाचा. गुण किती, जीव किती उरलेत, कितवी पातळी, घड्याळात किती वेळ बाकी. एका परीक्षणासोबतच्या सगळ्या चित्रांचे हे आकडे वहीत एकाखाली एक मांडा. सहापैकी पाच चित्रं पहिल्याच पातळीची आणि गुण चार आकड्यांच्या आत, असं निघालं तर मजकुरातलं ‘शेवटपर्यंत दमछाक करणारा’ हे वाक्य जपून घ्यावं. याउलट एखाद्या चित्रात दूरची पातळी आणि एकच जीव उरलेला दिसला, की मला त्या अनोळखी लेखकाबद्दल जिव्हाळा वाटतो. तो खरोखर तिथवर पोचला होता, आणि पोचता पोचता एका हाताने कॅमेरा दाबला होता.

निकाल देण्याआधी मात्र तेच चित्र प्रतिस्पर्धी मासिकात आहे का ते तपासा. हुबेहूब तेच आकडे, तोच क्षण दिसला तर ते गेमच्या कंपनीने सगळ्यांना वाटलेलं चित्र आहे. मग त्यावरून परीक्षकाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. चित्रातला नायक, गुणांची पट्टी किंवा पार्श्वभूमी तुम्ही खेळलेल्या गेमपेक्षा वेगळी असेल, तर ते चित्र गेमच्या अपुऱ्या, तयार होत असलेल्या आवृत्तीचं आहे. असं चित्र सापडलं की पान क्रमांकासकट नोंद करा, कारण पुष्कळदा त्या कापून टाकलेल्या भागाचा छापील पुरावा तेवढाच उरलेला असतो.

चित्राच्या वर आणि खाली काळे पट्टे असतील तर तेही काहीतरी सांगतात. युरोपातला टीव्ही सेकंदाला ५० वेळा चित्र रंगवायचा, जपान-अमेरिकेतला ६० वेळा. जपानी गेम नीट जुळवून न घेता युरोपात आणला की तो सुमारे १७ टक्के संथ चालायचा आणि चित्र दबून वर-खाली काळी जागा उरायची. सुपर निन्टेन्डो जपानमध्ये नोव्हेंबर १९९०ला आला, ब्रिटनमध्ये एप्रिल १९९२ला. मधल्या काळात ब्रिटिश मासिकं परदेशातून मागवलेली यंत्रं आणि गेम वापरून लिहीत होती. म्हणजे परीक्षकाने वेगवान आवृत्ती खेळून भरभरून गुण दिले आणि वाचकाने वर्षभराने संथ आवृत्ती विकत घेतली, असंही व्हायचं. त्या वाचकाला वाटलेली निराशा खरी होती आणि परीक्षकाचं कौतुकही खरं होतं.

गुण वाचण्याआधी मोजपट्टी वाचा

आकडा एकटा काही सांगत नाही. जपानच्या ‘फामित्सू’त १९८६पासून चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि बेरीज चाळीसपैकी होते. पूर्ण चाळीस पहिल्यांदा मिळाले १९९८मध्ये, ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ऑकरिना ऑफ टाइम’ला. ब्रिटनचं ‘अमिगा पॉवर’ १९९१ ते १९९६ चाललं. त्याने सुरुवातीपासून बजावलं होतं की आमच्याकडे ५० टक्के म्हणजे मध्यम गेम. इतर बहुतेक मासिकांत ७० टक्के म्हणजे ‘ठीक आहे’ असा अर्थ रूढ झाला होता. दोन मासिकांतले ६० शेजारीशेजारी ठेवून निष्कर्ष काढाल तर हमखास चुकाल. तुमच्या अंकातले सगळे गुण एका ओळीत चढत्या क्रमाने लिहा आणि मधला आकडा बघा. त्या अंकापुरता ‘मध्यम’ म्हणजे तो.

‘एज’ने १९९४मध्ये ‘डूम’ला दहापैकी सात दिले. आज त्यावर हसणारे पुष्कळ भेटतात. पण याच मासिकाने दहापैकी दहा पहिल्यांदा दिले ते १९९६मध्ये, ‘सुपर मारिओ ६४’ला. त्या कंजूस मोजपट्टीवर सात हा काही अपमान नव्हता. आधी ते परीक्षण पूर्ण वाचा आणि मग ठरवा.

तुम्ही निवडलेला गेम आता प्रत्यक्ष खेळा. दोन तास, फक्त त्याच्या माहितीपुस्तिकेच्या आधारावर, कुठेही मदत न शोधता आणि मधूनच जतन करण्याची आधुनिक सोय न वापरता. त्यानंतर परीक्षण पुन्हा वाचा. पहिल्या वाचनात अवास्तव वाटलेली तक्रार, उदाहरणार्थ ‘हरलं की पुन्हा पहिल्यापासून’, आता बोटांना कळलेली असते. अर्थात प्रत्येक गेम मिळेलच असं नाही. अमेरिकेत २०१०पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात मिळत नाहीत, असं २०२३च्या एका अभ्यासात दिसलं. त्यांच्यापैकी कित्येकांची ओळख आता या दोन-तीन पानांपुरतीच शिल्लक आहे. म्हणून छोट्या, विसरलेल्या गेमचं चार ओळींचं परीक्षण मी मोठ्या लेखापेक्षा जास्त काळजीने उतरवून घेतो.

जाहिराती, पत्रं आणि अफवा

जाहिरातींची पानं मोजा आणि एकूण पानांशी त्यांचं प्रमाण काढा. एकाच मासिकाचे सलग अंक घेतलेत तर हे प्रमाण उतरताना दिसतं आणि मासिकाची तब्येत कळते. अमेरिकेत १९८३च्या घसरणीत गेमचा बाजार कोसळला, तेव्हा मासिकंही एकामागून एक गळाली. त्यांच्या अखेरच्या अंकांची जाडी हातात घेतली तरी जाणवते.

मोठ्या रंगीत जाहिरातींपेक्षा टपालविक्रीची बारीक यादी जास्त प्रामाणिक असते. दुकानदार जे खपतं तेच छापतो. परीक्षणात गाजलेला गेम यादीत आहे का, किंमत इतरांपेक्षा उतरलेली आहे का, कोणत्या यंत्राच्या गेमना सर्वांत मोठा रकाना दिलाय, हे बघा. कूपन कापलेलं असेल तर पान उलटा. त्याच्या पाठीमागच्या लेखाचा कोणता भाग गेला ते नोंदवा आणि तेवढ्या ओळी स्कॅनवरून उतरवून अंकात चिठ्ठी ठेवा.

वाचकांच्या पत्रांत भांडणं असतात: कुठलं यंत्र भारी, किमती एवढ्या का, मागच्या अंकात अमुक गेमला कमी गुण का. ती घाईने ओलांडू नका. संपादकाने न निवडलेला विषय अंकात शिरतो तो याच पानावर.

अफवांचं पान मात्र सावधपणे वाचावं, विशेषतः एप्रिलच्या अंकातलं. ‘इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली’च्या एप्रिल १९९२च्या अंकात ‘स्ट्रीट फायटर २’मधला शेंग लाँग नावाचा गुप्त योद्धा कसा गाठायचा ते छापून आलं होतं. र्‍यूने एकही फटका न खाता शेवटच्या प्रतिस्पर्ध्यापर्यंत जायचं, आणि तिथे कुणीच कुणाला न मारता फेऱ्यामागून फेऱ्या बरोबरीत सोडवायच्या. मुळात र्‍यूच्या एका चालीचं नाव इंग्रजीत आणताना गफलत झाली होती आणि त्यातून एका गुरूचं नाव असल्यासारखं वाक्य तयार झालं होतं. त्या वाक्यावर ही थाप बेतलेली होती. युक्ती पाठवणाऱ्याचं नाव छापलं होतं डब्ल्यू. ए. स्टोकिन्स (W. A. Stokins), गाव फुल्डिजेन (Fuldigen). मोठ्याने झरझर म्हणून बघा: ‘वेस्ट टोकन्स’, ‘फूल्ड अगेन’. नाणी घाला पाण्यात, फसलात पुन्हा! इतर मासिकांनी ती युक्ती खरी समजून उचलली, आणि मूळ मासिकाने नंतर थाप असल्याचं कबूल केलं. संशयास्पद युक्ती दिसली की पाठवणाऱ्याचं नाव आधी वाचा.

छापील प्रोग्रॅम आणि सोबतच्या कॅसेट-डिस्क

ऐंशीच्या दशकातला अंक असेल तर त्यात बेसिक भाषेतले प्रोग्रॅम पानंच्या पानं छापलेले सापडतील. ते संगणकावर हाताने उतरवायचे आणि मग खेळायचे. निदान एक छोटा प्रोग्रॅम उतरवून बघाच, एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालेल. शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘एल’ यांत हमखास घोळ होतो. आकड्यांच्या लांबलचक ओळींत एक स्वल्पविराम राहिला तरी सगळं अडतं. ‘कॉम्प्यूट्स गॅझेट’सारख्या मासिकांत म्हणून प्रत्येक ओळीसोबत एक तपासणीची खूण छापत. ती जुळली की ओळ बरोबर. तासभर हे केलं की त्या काळी ‘फुकट’ मिळालेल्या गेमची किंमत मानेला आणि डोळ्यांना समजते.

सोबत फ्लॉपी किंवा कॅसेट असेल तर लगेच यंत्रात घालू नका. साडेतीन इंची फ्लॉपीचं धातूचं झाकण सरकवून आत बुरशीचे ठिपके दिसतात का बघा. कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीची पट्टी सरकवून छिद्र उघडं ठेवा, म्हणजे चुकून तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. सीडीची प्रत काढताना गाण्यांचे ट्रॅकही येतील असा प्रकार निवडा. नुसत्या आयएसओ प्रकारच्या प्रतीत ते गळतात.

पुढचा अंक उघडा

तिसऱ्या बैठकीत पुढचे दोन अंक घ्या आणि पहिल्या दिवशीचे प्रश्न त्यांच्या मदतीने सोडवा. छापील प्रोग्रॅममधली चूक, किमतीतली दुरुस्ती, परीक्षणावर रागावलेलं पत्र, पुढे ढकलला गेलेला गेम, सगळं तिथे सापडतं. ‘लवकरच येत आहे’ या यादीतल्या प्रत्येक गेमपुढे लिहा: आला, उशिरा आला, नाव बदलून आला, आलाच नाही. शेवटच्या गटातले गेम मी वेगळ्या पानावर उतरवतो. मग पहिल्या बैठकीच्या अखेरीस तुम्ही निवडलेल्या गेमचं पुढे काय झालं ते बघा. माझी निवड बहुतेकदा चुकलेली असते, आणि कुठे चुकली ते बघितलं की त्या पानांनी मला कसं वळवलं ते नेमकं कळतं.

स्कॅन करायचं असेल तर

छपाई ठिपक्यांची असते आणि स्कॅनरच्या जाळीशी ते ठिपके भिडले की चित्रावर लहरी उमटतात. म्हणून चित्रांची पानं ६०० डीपीआयवर (इंचामागे ६०० ठिपके) घ्या, ठिपके मिटवण्याची सोय नंतर वापरा आणि मगच आकार कमी करा. नुसत्या मजकुराला ३०० पुरतात. पानामागे काळा कागद ठेवला की पलीकडची छपाई झिरपून दिसत नाही. मूळ प्रत टिफ किंवा पीएनजीमध्ये राखा. जाहिराती, कोरी पानं, कार्डं, काहीही गाळू नका. पाठ कापून पानं सुटी केली तर काम पटकन होतं, पण दुसरी प्रत हाताशी असल्याशिवाय मी ते कधीही करणार नाही. मासिकांचे हक्क बहुधा अजून कुणाकडे तरी असतात. स्वतःच्या अभ्यासापलीकडे प्रत वाटायची असेल तर आपल्या देशातला कायदा बघून घ्या.

नोंद लिहिणं आणि अंक परत ठेवणं

लिहिताना प्रत्येक विधानाला पान क्रमांक द्या, आणि मासिकाचं म्हणणं व तुमचं मत वेगळं ओळखू येईल असं लिहा. ‘त्यांना कळलंच नाही’ असं वाक्य आलं तर थांबा आणि वहीतली दुसरी तारीख बघा. त्या दिवशी ते कळणं शक्य होतं का?

अंक पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पिशवीत ठेवा. पीव्हीसीची पिशवी नको, ती कालांतराने चिकट होते आणि छपाई ओढून घेते. मागे आम्लरहित पुठ्ठा घाला. कोरड्या, गार, अंधाऱ्या जागी ठेवा, दमट भिंतीला लागून तर मुळीच नको. पिशवी बंद करण्याआधी वर्गणीचं कार्ड, चिठ्ठी, कुणाच्या तरी हस्ताक्षरातला कागद, जे ज्या दोन पानांच्या मध्ये सापडलं होतं ते पुन्हा त्याच दोन पानांच्या मध्ये ठेवा. पेन्सिलीच्या खुणा खोडू नका.